कपडे वाळले, हे यंत्राला कोण सांगतं?

मुलांनो, आज एक अगदी साधा प्रश्न विचारते. दोरीवरचा शर्ट वाळला की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?

“हात लावून!” असं तुम्ही लगेच म्हणाल. बरोबर आहे. पण घरातल्या मोठ्या माणसांकडे जरा नीट पाहा. आजी नुसता हात लावत नाही. ती कॉलर चाचपते, खिसा आतून बघते, पँटचा कमरेचा पट्टा बोटांत धरून दाबते. कधी कधी तर कपडा गालाला लावते आणि म्हणते, “अजून सर्द आहे गं, राहू दे.” असं का बरं? कॉलर, खिसा आणि पट्टा या ठिकाणी कापडाचे दोन-तीन थर असतात, म्हणून तिथलं पाणी सगळ्यांत शेवटी जातं. आणि ओलसर कपडा गालाला गार लागतो, कारण त्यातलं पाणी वाफ होऊन उडताना आपल्या गालाची उष्णता घेऊन जातं. म्हणजे आजीची बोटं आणि आजीचा गाल ही ओलावा ओळखणारी किती छान साधनं आहेत!

आता दुसरा प्रश्न. कपडे वाळवणारं यंत्र असतं ना, त्याला ना बोटं, ना गाल. मग “कपडे वाळले, आता थांब,” हे त्याला कोण सांगतं? आणि सांगणाराच चुकीचं सांगायला लागला तर काय होतं? आज आपण त्याचीच गंमत पाहू.

पिळणं वेगळं, वाळवणं वेगळं

आधी एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे दोन टाक्यांचं वॉशिंग मशीन असतं. त्यातल्या छोट्या टाकीला सगळे जण ‘ड्रायर’ म्हणतात. पण खरं सांगायचं तर ती टाकी कपडे वाळवत नाही, फक्त पिळते. आतली भोकाभोकांची टोपली गरगर फिरते आणि कपड्यांतलं पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. ओली छत्री गोल फिरवल्यावर थेंब कसे चौफेर उडतात, अगदी तसंच. या टाकीतून काढलेले कपडे ठिबकत नाहीत, पण ते दोरीवर घालावेच लागतात.

खरा ड्रायर निराळा. त्यात एक मोठा ड्रम असतो. तो मिनिटाला साधारण पन्नास फेरे घेत सावकाश फिरतो. त्यातले कपडे वर जातात, खाली पडतात, पुन्हा वर जातात. त्याच वेळी ड्रममधून गरम हवा खेळत असते. ती कपड्यांतलं पाणी वाफेच्या रूपात उचलते. बऱ्याच ड्रायरमध्ये ही दमट हवा एका जाड नळीतून घराबाहेर सोडली जाते.

अमेरिका आणि कॅनडात असा ड्रायर घरोघरी दिसतो. तिथं थंडीत बाहेर बर्फ पडतो. ओला कपडा बाहेर टांगला तर तो वाळण्याआधी गोठून पापडासारखा कडक होतो! शिवाय तिथल्या कितीतरी वसाहतींत बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायला परवानगीच नसते. आपल्याकडे मात्र वर्षातले आठ महिने ऊन फुकट मिळतं, त्यामुळं या यंत्राची गरज फारशी पडली नाही. पण आता मुंबई-पुण्यातल्या काही घरांत, मोठ्या लॉन्ड्रीत, रुग्णालयांत आणि हॉटेलांत असे ड्रायर दिसू लागले आहेत. कोकणातल्या जुलैमध्ये चार दिवस दोरीवर राहूनही कुबट वास येणारा गणवेश ज्यांनी अंगात घातला आहे, त्यांना या यंत्राचं मोल सांगायलाच नको!

या यंत्राच्या इतिहासातली एक मजेदार गोष्ट सांगते. अमेरिकेत नॉर्थ डकोटा नावाचं राज्य आहे. तिथला हिवाळा फार कडक. त्या राज्यातले जे. रॉस मूर नावाचे गृहस्थ अनेक वर्षं कपडे वाळवणाऱ्या यंत्राच्या मागे लागले होते. कडाक्याच्या थंडीत बाहेर ओले कपडे टांगायचा त्रास त्यांना वाचवायचा होता, असं सांगतात. पुढे विस्कॉन्सिन राज्यातल्या हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं त्यांच्या कल्पनेवरून बनवलेला विजेचा ड्रायर १९३८ साली बाजारात आणला. त्याचं नाव काय ठेवलं होतं, माहीत आहे? ‘जून डे’, म्हणजे जूनमधला दिवस! आपण हे नाव ऐकलं तर डोळ्यांसमोर छत्री आणि चिखल उभा राहील. पण तिकडे जून म्हणजे छान उन्हाचा महिना. एकच महिना, पण तिकडे कपडे वाळवणारा आणि इकडे कपडे भिजवणारा!

दोन पट्ट्यांची करामत

साध्या ड्रायरला घड्याळासारखी फिरवायची चकती असते. आपण चाळीस मिनिटं लावली, की तो चाळीस मिनिटं फिरतो आणि थांबतो. कपडे वाळोत की न वाळोत, त्याला त्याचं काही नाही. पातळ सदरे वीस मिनिटांत वाळले तरी तो उरलेली वीस मिनिटं वीज खात बसतो. वर कपडे जास्त तापून आटतात, त्यांचे धागे झिजतात. आणि जाड चादरी असल्या तर चाळीस मिनिटांनंतरही त्या दमटच.

म्हणून यंत्र बनवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. ड्रायरचं दार उघडून आत डोकावलं, की बऱ्याच यंत्रांत दाराच्या खालच्या बाजूला, जाळीच्या जवळ, धातूच्या दोन लांबट पट्ट्या दिसतात. साधारण आपल्या बोटाएवढ्या, एकमेकींच्या शेजारी, पण एकमेकींना न चिकटलेल्या. काही यंत्रांत त्या मागच्या भिंतीवरही असतात. पाहणाऱ्याला वाटेल, शोभेसाठी लावल्या असतील. पण हाच तो ओलाव्याचा सेन्सर! यंत्राचं बोट म्हणा ना!

तो काम कसा करतो? अगदी सोपं आहे. दोन्ही पट्ट्यांना विजेच्या तारा जोडलेल्या असतात, पण मधे फट असल्यामुळं वीज एकीकडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. आता ड्रम फिरताना एखादा ओला टॉवेल दोन्ही पट्ट्यांवर एकदम पडला, तर काय होईल? टॉवेलमधल्या पाण्यातून अगदी थोडीशी वीज पलीकडे जाईल. म्हणजे ओला टॉवेल झाला दोन पट्ट्यांमधला पूल! यंत्रातलं छोटं इलेक्ट्रॉनिक डोकं हे टिपून घेतं, “पूल झाला, म्हणजे कपडे ओले. चालू ठेवा.”

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. पण नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात नाना प्रकारचे क्षार विरघळलेले असतात आणि त्यांच्यामुळं वीज वाहते. धुतलेल्या कपड्यांतही असंच पाणी असतं.

जसजसे कपडे वाळतात, तसतशी विजेची वाट बिकट होत जाते. पूल कमी वेळा बनतो आणि बनला तरी कच्चा बनतो. मग यंत्र ओळखतं, की आता ओलावा थोडाच उरला. ते आणखी काही मिनिटं हवा देतं आणि थांबतं. इस्त्रीसाठी जरा दमट कपडे हवे असतील तर लवकर थांबायची, टॉवेल खडखडीत हवे असतील तर उशिरा थांबायची सोयही बऱ्याच यंत्रांत असते.

बोटावर मोजा घातला तर?

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलीची मावशी अमेरिकेत राहते. एके दिवशी ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, मावशीचा ड्रायर बिघडलाय. दहा-बारा मिनिटांत थांबतो आणि टॉवेल ओले ते ओलेच. दुरुस्तीवाला म्हणतो, आतला बोर्ड बदलावा लागेल. मावशी म्हणते, त्यापेक्षा नवाच ड्रायर घेऊ का?”

नवा ड्रायर म्हणजे केवढा खर्च! मी तिला म्हटलं, “मावशीला एवढंच विचार, की कपड्यांबरोबर ती ड्रायर शीट टाकते का?”

ड्रायर शीट म्हणजे रुमालाएवढा पातळ, वासाचा कागदासारखा तुकडा. तिकडे तो कपड्यांबरोबर ड्रममध्ये टाकतात. त्याच्यावर मेणासारख्या चिकट, स्निग्ध पदार्थाचा थर असतो. गरम हवेत तो पदार्थ सुटून कपड्यांना लागतो. कपडे मऊ होतात आणि एकमेकांना चिकटत नाहीत. धुताना शेवटच्या पाण्यात घालतात ते फॅब्रिक सॉफ्टनरही असंच काम करतं. पण हा पदार्थ फक्त कपड्यांनाच लागतो का? छे! तो त्या दोन पट्ट्यांनाही लागतो. रोज थोडा थोडा. डोळ्यांना दिसणारही नाही असा पातळ थर.

आता विचार करा. मेणातून वीज वाहते का? नाही. मग पट्ट्यांवर असा थर बसल्यावर ओलाचिंब टॉवेल जरी त्यांच्यावर पडला, तरी वीज टॉवेलपर्यंत पोहोचणारच नाही. पूल बनणार नाही. यंत्राला वाटेल, “वा! कपडे वाळले!” आणि ते थांबेल. आजीच्या हातात जाड रबरी मोजा घातला आणि तिला विचारलं, “शर्ट वाळला का गं?” तर ती तरी काय सांगेल?

मावशी गेली चार वर्षं रोज ड्रायर शीट टाकत होती. पट्ट्या एकदाही पुसल्या नव्हत्या. खरं तर त्या कशासाठी असतात, हेच तिला माहीत नव्हतं. तिनं त्या पुसल्या. दोन दिवसांनी मुलगी नाचत वर्गात आली, “बाई, टॉवेल वाळले!” बोर्ड बदलायची वेळच आली नाही.

पट्ट्या पुसायच्या कशा?

हे काम मोठ्या माणसांनी करायचं आहे. तुम्ही शेजारी उभं राहून हे वाचून दाखवा आणि एकही पायरी गाळू देऊ नका.

१. यंत्र बंद करा आणि प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. यंत्र नुकतंच चाललं असेल तर ते पूर्ण गार होऊ द्या.

२. धागे अडवणारी जाळी बाहेर काढा आणि साफ करा.

३. पट्ट्या शोधा. सापडल्या नाहीत तर यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका पाहा. प्रत्येक यंत्रात अशा पट्ट्या असतातच असं नाही.

४. कापसाच्या बोळ्यावर किंवा मऊ सुती फडक्यावर थोडंसं स्पिरिट घ्या. जखम पुसायला वापरतात ते. स्पिरिट नसेल तर पांढरं व्हिनेगर चालेल. बाटली पट्ट्यांवर ओतायची नाही. फडकं नुसतं ओलसर हवं. आणि स्पिरिट भुर्रकन पेट घेतं, म्हणून जवळ दिवा, काडी, शेगडी काहीही नको. खिडकी उघडी ठेवा.

५. पट्ट्या लांबीच्या दिशेनं चांगल्या चोळा. फडक्यावर मळकट डाग उठला, की समजा चोर सापडला! फडक्याची बाजू बदलत राहा आणि डाग उठायचा थांबेपर्यंत पुसा.

६. तारेची घासणी, सँडपेपर, चाकू यांतलं काहीही वापरू नका. घासणीनं पट्टीवर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो.

७. शेवटी साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या स्वच्छ फडक्यानं पट्ट्या पुसा आणि कोरड्या करा. स्पिरिटचा वास पूर्ण गेल्याशिवाय यंत्र सुरू करू नका.

८. आता परीक्षा! दोन-तीन ओले टॉवेल टाकून यंत्र सेन्सरवर चालवून पाहा.

ड्रायर शीट नेहमी वापरत असतील त्यांनी महिन्यातून एकदा, आणि इतरांनी तीन-चार महिन्यांतून एकदा हे करावं. पाच मिनिटांचं काम! एवढं करूनही यंत्र लवकर थांबलं, तर मात्र जाणत्या माणसाला बोलवायचं.

उगाच पट्ट्यांना दोष नको

प्रत्येक वेळी दोष पट्ट्यांचाच असतो असंही नाही, बरं का! दोनच हातरुमाल टाकले तर ते एवढ्या मोठ्या ड्रममध्ये पट्ट्यांना क्वचितच शिवतात. मग यंत्र फसतं. अशा वेळी सरळ मिनिटं लावून वाळवावं. कधी मोठी चादर फिरता फिरता गोळा होते आणि चार मोजे पोटात घेऊन बसते. बाहेरून चादर कोरडी, आत मोजे ओले! पट्ट्यांना लागते ती बाहेरची बाजू. त्या बिचाऱ्या खरं तेच सांगतात.

आणि याच्या उलट तक्रार असेल तर? म्हणजे यंत्र तास-दीड तास चालतं, तरी कपडे वाळत नाहीत. तर पट्ट्यांकडे नको, हवेच्या वाटेकडे पाहा. म्हणून हे सूत्र वहीत लिहून ठेवा:

लवकर थांबतो आणि कपडे ओले, तर पट्ट्या पाहा. थांबतच नाही आणि कपडे ओले, तर जाळी आणि नळी पाहा.

कपडे घुसळले जाताना त्यांचे बारीक धागे सुटतात. जाळीवर त्यांचा कापसासारखा थर जमतो. तो प्रत्येक वेळी काढावाच लागतो. ड्रायर शीटमुळं जाळीवरही न दिसणारा थर बसतो. तो ओळखायची सोपी खूण आहे. जाळी नळाखाली धरा. पाणी खाली पडलं तर जाळी ठीक. पाणी जाळीवर तळ्यासारखं साचलं तर साबणाच्या पाण्यानं, मऊ ब्रशनं ती धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

हा धाग्यांचा कचरा साधासुधा नाही. निरांजनाची वात कशी चटकन पेटते! मग गरम यंत्रात साचलेला कापसाचा थर किती धोक्याचा! अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन प्रशासनानं २००८ ते २०१० या वर्षांतल्या आगींचा अभ्यास केला. त्यात घरातल्या कपड्यांच्या ड्रायरमुळं वर्षाला सुमारे २,९०० आगी लागल्याचं आणि त्यांत दरवर्षी साधारण ५ माणसं दगावल्याचं, १०० जखमी झाल्याचं आढळलं. सगळ्यांत मोठं कारण कोणतं होतं? यंत्र साफ न करणं! सुमारे ३४ टक्के आगी त्यामुळं लागल्या होत्या. म्हणून ज्यांच्या घरी असं यंत्र आहे त्यांनी जाळी रोज आणि बाहेर जाणारी नळी वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावी. घरी कुणी नसताना किंवा सगळे झोपल्यावर ड्रायर लावून ठेवू नये.

करून पाहा

घरी ड्रायर नसला म्हणून काय झालं? त्याचं बोट आपण घरी बनवू शकतो. साहित्य अगदी थोडं: नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी दिवा, ४७० ओहमचा एक रेझिस्टर, वायरचे तीन तुकडे, स्टीलचे दोन चमचे, सुती फडकं, मीठ, मेणबत्ती आणि चिकटपट्टी. रेझिस्टर आणि दिवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतात.

बॅटरीच्या अधिक टोकाला रेझिस्टर जोडा. रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला दिव्याचा लांब पाय जोडा. दिव्याच्या आखूड पायाची वायर एका चमच्याच्या दांड्याला बांधा. बॅटरीच्या उणे टोकाची वायर दुसऱ्या चमच्याला बांधा. सगळे जोड चिकटपट्टीनं पक्के करा. चमचे एकमेकांना टेकवले की दिवा लागेल. लागला नाही तर दिव्याचे पाय उलटे झाले असतील, ते बदला.

आता फडकं ताटलीत ठेवा. चमच्यांची पाठ फडक्यावर एका बोटाच्या अंतरानं दाबून धरा. चमचे एकमेकांना लागू देऊ नका. खोलीत थोडा अंधार करा आणि काय दिसतं ते वहीत लिहा.

पहिल्यांदा कोरडं फडकं. दिवा लागतो का?

मग फडकं नळाच्या पाण्यात भिजवून पिळा. दिवा मंद लागतो का?

मग पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून फडकं त्यात भिजवा आणि पिळा. दिवा किती तेजस्वी झाला?

मग तेच फडकं पंख्याखाली वाळत ठेवा आणि दर दहा मिनिटांनी तपासा. दिवा हळूहळू मंद होत जाईल. यंत्रसुद्धा हेच पाहत असतं!

शेवटी खरी गंमत. एका चमच्याची वायर सोडा. आईला किंवा बाबांना तो चमचा गरम पाण्यात बुडवून, पुसून द्यायला सांगा. गरम आहे तोवरच त्याच्या पाठीवर मेणबत्ती घासा, म्हणजे मेणाचा थर नीट बसेल. गार झाल्यावर वायर पुन्हा बांधा आणि मिठाच्या पाण्यात भिजलेल्या फडक्यावर दोन्ही चमचे ठेवा. फडकं ओलंचिंब, पण दिवा गुल! मावशीच्या ड्रायरला नेमकं हेच झालं होतं. नंतर गरम पाणी आणि साबणानं मेण काढून टाका. दिवा पुन्हा लागेल.

एक सूचना मात्र कायम लक्षात ठेवा. हा प्रयोग फक्त बॅटरीवर करायचा. भिंतीवरच्या प्लगमधल्या विजेशी कधीही खेळायचं नाही. ओल्या हातानं तर मुळीच नाही!

ओलावा आणि पैसा

तुमच्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना ओलावा मोजणारं आणखी एक यंत्र माहीत असेल. सोयाबीन विकायला नेलं, की मूठभर दाणे एका छोट्या यंत्रात टाकतात आणि मॉइश्चर किती आलं ते बघतात. सरकारी हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी ही मर्यादा १२ टक्के ठरलेली आहे. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारनं ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवून दिली होती. अशी बरीचशी यंत्रंही दाण्यांच्या विजेच्या गुणधर्मांवरूनच ओलावा ओळखतात. आता विचार करा, त्या यंत्राची आतली बाजू धुळीनं, मळानं माखलेली असेल तर? आकडा चुकेल. ड्रायरचा आकडा चुकला तर टॉवेल ओले राहतील. पण इथं वर्षभराच्या कष्टांचा भाव ठरतो! म्हणून यंत्राच्या पडद्यावर आकडा आला की डोळे मिटून मान डोलवू नका. “हे मोजतं कसं? मोजणारा भाग स्वच्छ आहे ना?” असं नम्रपणे विचारायला शिका.

आई-बाबांसाठी दोन शब्द. यंत्र अडलं, की आपण पटकन “बिघडलं” म्हणतो आणि पाकीट उघडतो. पुढच्या वेळी मुलांना जवळ बोलवा, माहितीपुस्तिकेतलं साफसफाईचं पान त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा आणि त्यानंतर दुरुस्तीवाल्याला फोन करा. कधी पैसे वाचतील, कधी नाही वाचणार. पण आपल्या घरातली वस्तू चालते कशी, हे मुलांना कळेल.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या आठवड्याचे दोन प्रश्न. उत्तरं वहीत लिहा आणि वर्गात एकमेकांशी भांडून, म्हणजे चर्चा करून, ठरवा.

एक: ड्रायरमध्ये पातळ सदरा आणि जाड जीन्स एकत्र टाकल्या. सदरा वाळला, जीन्स ओलीच. तर त्या दोन पट्ट्या कोणाचं ऐकतील?

दोन: ड्रायरमधली दमट हवा बाहेर न सोडता खोलीतच सोडली, तर खोलीच्या भिंतींचं काय होईल? पावसाळ्यात बंद खोलीत कपडे वाळत घालता, तेव्हा खिडकीच्या काचेकडे पाहा. उत्तर तिथंच सापडेल!